दिवाळी अंक, गावोगावची संमेलने आणि पुरस्कार : सीमाभागातील लेखकाने साहित्य कसे पाठवावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठीत लिहिणाऱ्यांना जागा नाहीत, ही तक्रार दर हिवाळ्यात ऐकू येते. आमच्या गावच्या संमेलनासाठी आलेल्या कवितांचे गठ्ठे काही वर्षे चाळल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. बाजूला पडणाऱ्या साहित्यातला बराच भाग वाचलाच जात नाही, कारण तो उशिरा आलेला असतो, उघडता न येणाऱ्या फाइलमध्ये असतो, किंवा ज्याला पाठवायला हवा होता त्याच्याऐवजी भलत्याकडेच गेलेला असतो. त्यात चांगल्या कविताही असतात, आणि त्या मुदत संपल्यानंतर सापडल्या की फार चुटपुट लागते. म्हणून पुढील मार्गदर्शन लेखन कसे करावे याविषयी नसून, लिहून झालेले योग्य ठिकाणी योग्य वेळी कसे पोचवावे एवढ्यापुरतेच आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत, कारण बहुतेक चुका क्रम उलटा केल्याने होतात.

## १. आधी वर्षाचे वेळापत्रक मांडावे

आपल्याकडील साहित्यिक वर्षाला दोन हंगाम आहेत. पहिला संमेलनांचा. भाताची सुगी आवरली की डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत रविवारमागून रविवार संमेलने होतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी, खानापूर तालुक्यातील माचीगड, निपाणीच्या बाजूचे कारदगा ही त्यांतली सर्वांच्या परिचयाची नावे. दुसरा हंगाम दिवाळी अंकांचा. अंक दिवाळीत हाती येत असला तरी त्याचे साहित्य साधारण जून ते ऑगस्ट या काळात गोळा होते आणि गणपतीच्या सुमारास पानांची जुळणी बरीचशी झालेली असते.

यावरून उलटे मोजावे. संमेलनाची कार्यक्रमपत्रिका दीड-दोन महिने आधी ठरते, म्हणजे जानेवारीच्या संमेलनासाठी दिवाळी संपताच संपर्क साधायला हवा. दिवाळी अंकासाठी कथा मे महिन्याच्या अखेरीस पूर्ण, एकदा बाजूला ठेवून पुन्हा वाचलेली आणि टंकलेली असायला हवी. यांच्या मध्ये १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन येतो. त्या निमित्ताने शाळा, महाविद्यालये आणि वाचनालये कवी-कथाकथनकारांना बोलावतात, आणि या कार्यक्रमांना मोठ्या नावाची अट फारशी नसते. पहिल्यांदा व्यासपीठावर उभे राहू इच्छिणाऱ्याने सुरुवात इथून करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

सावधान : दिवाळी पुढे गेली म्हणून मुदतही पुढे गेली असे धरू नये. २०२५ साली लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होते, २०२६ साली ते ८ नोव्हेंबरला आहे. पण अनेक संपादक जाहिराती आणि छपाईच्या सोयीसाठी साहित्याची मुदत दरवर्षी जवळपास तीच ठेवतात.

## २. मजकूर उघडेल, वाचता येईल आणि जुळवता येईल अशा रूपात आणावा

सर्वाधिक साहित्य याच पायरीवर वाया जाते, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

वहीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नये. संपादकाला तो वाचता आला तरी छापता येत नाही. तो मजकूर कोणाला तरी पुन्हा टंकावा लागतो, आणि दोन कविता सारख्याच तोलाच्या असतील तर टंकलेली कविता आधी निवडली जाते. यात अन्याय आहे खरा, पण तो श्रमाच्या हिशोबातून आलेला असल्याने त्यावर वाद घालून उपयोग नाही.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही फोनवर वा संगणकावर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरसंकेतात, टंकावा. बेळगावातील बऱ्याच डीटीपी दुकानांत अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटांत अक्षरजुळणी होते. लग्नपत्रिकेला ते चालते, पण ती फाइल दुसऱ्या संगणकावर गेली आणि तिथे तो फाँट नसला की देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हांचा खच दिसतो. माझी एक कथा अशीच चिन्हांच्या रूपात एका संपादकांकडे पोचली होती आणि मी मात्र तीन महिने उत्तराची वाट पाहत बसलो होतो. दुकानातून टंकून घेत असाल तर "युनिकोडमध्ये द्या" असे आधीच सांगावे आणि पैसे देण्यापूर्वी तो मजकूर स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲपमध्ये चिकटवून पाहावा. तिथे अक्षरे नीट दिसली तर मजकूर युनिकोड आहे.

मोबाइलवर स्वतः टंकणाऱ्यांनी कीबोर्डची भाषा मराठीच निवडावी. हिंदी कीबोर्ड वापरल्याने काही चुका ठरलेल्या होतात : 'ळ' सापडत नाही म्हणून 'ल' पडतो, 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' होते, 'ॲ' नीट उमटत नाही, आणि शब्द सुचवण्याच्या सोयीमुळे 'आणि'च्या जागी 'और' येऊन बसते. बोलून टंकण्याची सोय वापरली असेल तर विरामचिन्हे बहुधा हाताने द्यावी लागतात, आणि आपल्या बाजूचे उच्चार यंत्र हमखास बदलून टाकते. वाक्यवाक्य तपासल्याशिवाय असा मजकूर पुढे पाठवू नये.

फाइल दोन रूपांत ठेवावी : एक वर्डमध्ये, म्हणजे संपादकाला जुळणी करता यावी, आणि तीच पीडीएफमध्ये, म्हणजे कवितेच्या ओळी कुठे तुटतात ते आपल्या मनाप्रमाणे दिसावे. कवितेत ओळींची मोडतोड हा निव्वळ सजावटीचा भाग नसतो, त्यामुळे फक्त वर्ड फाइल पाठवली आणि ओळी सरकल्या तर दोष कवीकडेही जातो. फाइलला 'कविता नवीन अंतिम २' असे नाव देऊ नये. रचनेचे शीर्षक, लेखकाचे आडनाव आणि वर्ष एवढे नाव पुरते. प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात नाव, पत्ता, फोन क्रमांक आणि कथा-लेख असल्यास शब्दसंख्या द्यावी. ईमेल आणि फाइल पुढे वेगळ्या होतात आणि निनावी फाइल कोणाची ते कळत नाही, असा प्रकार दर हंगामात घडतो.

तपासा : फाइल पाठवण्यापूर्वी ती दुसऱ्याच कोणाच्या तरी फोनवर उघडून पाहिली का? पहिले आणि शेवटचे पान पूर्ण आहे का? नाव आणि फोन क्रमांक फाइलच्या आत आहे का?

## ३. बोलीचा आणि कन्नड शब्दांचा निर्णय एकदाच घ्यावा

सीमाभागातल्या लेखनाचे बळ बोलीत आहे, आणि नेमके तेच अर्धवट तयारीने पाठवल्यामुळे अडते. संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत ठेवायचे, की सगळेच बोलीत लिहायचे, हे आधी ठरवावे. दोन्ही मार्ग चालतात, पण पहिल्या पानावर एक आणि पाचव्या पानावर दुसरा असे झाले की मुद्रितशोधक त्याला चूक समजून सगळे सरळ करून टाकतो.

त्यानंतर शब्दांची एक छोटी यादी करावी. 'अज्जी', 'अक्का', 'बेस्तवार' असे शब्द कथेत असतील तर प्रत्येकाचे एकच लेखन ठरवून ते कथाभर तसेच राहिले आहे का ते शोध-सोयीने पाहावे. यादी संपादकाला पत्रासोबत द्यावी आणि "ही रूपे जाणीवपूर्वक वापरली आहेत, कृपया तशीच ठेवावीत" असे एक वाक्य लिहावे. हे एक वाक्य अनेक कथा वाचवते.

प्रत्येक कन्नड शब्दापुढे कंसात अर्थ देत जाऊ नये. त्याने वाचन अडखळते आणि पात्रे स्वतःच्या घरात दुभाष्यासारखी वागू लागतात. अर्थ संदर्भातून कळत नसेल तर आधीचे वाक्य दुरुस्त करावे. याची परीक्षा सोपी आहे : कथा एका बेळगावच्या आणि एका नाशिक किंवा नागपूरकडच्या वाचकाला द्यावी. दुसरा जिथे थांबेल तिथे काम करावे, आणि पहिला जिथे हसेल तिथे बोली खोटी झाली आहे का ते पाहावे.

## ४. परिचय आणि सोबतचे पत्र

परिचय साठ ते ऐंशी शब्दांचा असावा. जन्मगाव, व्यवसाय, काय लिहिता, पूर्वी कुठे प्रसिद्ध झाले असल्यास त्याचे वर्ष, एवढे पुरे. शाळेत मिळालेली प्रमाणपत्रे, 'साहित्यभूषण' छापाच्या पदव्या आणि व्हॉट्सॲप समूहांनी दिलेली सन्मानपत्रे त्यात घालू नयेत, कारण अनुभवी संपादक त्यांची संख्या पाहूनच धास्तावतो.

पत्राचा नमुना असा ठेवता येईल : "मा. संपादक, सप्रेम नमस्कार. आपल्या दिवाळी अंकासाठी '…' ही सुमारे २२०० शब्दांची अप्रकाशित कथा पाठवत आहे. ती सध्या अन्यत्र विचारार्थ नाही. कथेत बेळगाव परिसरातील बोली असून काही शब्दांची यादी सोबत जोडली आहे. ऑगस्टअखेरपर्यंत आपला निर्णय कळल्यास आभारी राहीन." यापुढे कथेचा आशय सांगू नये. कथा आशय सांगत नसेल तर पत्राने तिला मदत होत नाही.

टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी बँक खात्यावरील नाव पत्राच्या तळाशी वेगळे द्यावे. टोपणनावाने निघालेला मानधनाचा धनादेश खात्यात जमा होत नाही आणि तो बदलून मागण्याचा संकोच लेखकालाच होतो. सीमाभागात आणखी एक गुंता असतो : गावाचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले, पण कोणाच्या आधार कार्डावर नवे नाव आहे, कोणाच्या बँक पुस्तकावर जुने. अर्जात जे कागदपत्र जोडणार असाल त्यावरचे नावच लिहावे, आणि पिनकोड कधीही गाळू नये.

## ५. पाठवणे आणि वाट पाहणे

एक रचना एका वेळी एकाच अंकाकडे पाठवावी. तीच कविता तीन अंकांना पाठवून तिन्हींत छापून आली तर लेखकाला आनंद होतो, पण पुढच्या वर्षी ते तिघेही त्याच्या नावापुढे खूण करून ठेवतात. मराठी दिवाळी अंकांचे जग बाहेरून वाटते त्याहून लहान आहे.

'अप्रकाशित' या शब्दाचा अर्थही तपासून घ्यावा. स्वतःच्या फेसबुक पानावर टाकलेली किंवा दोनशे जणांच्या समूहात फिरलेली कविता काही संपादक प्रकाशितच मानतात. तेव्हा जी रचना अंकाला किंवा स्पर्धेला द्यायची आहे ती आधी समूहात टाकू नये. आपल्याकडे कविता सुचली की पहाटेच समूहात जाते, आणि दुपारपर्यंत ती नाव गळून दुसऱ्याच्याच नावे परत येते, हा अनुभव बहुतेकांना आहेच.

शब्दमर्यादा दिली असेल तर ती पाळावी. १५०० शब्द मागितले असताना २६०० शब्दांचा लेख पाठवला तर कापणारा कापतो, आणि तो बहुधा शेवटाकडून कापतो.

टपालाने पाठवायचे असल्यास पूर्वीसारखे स्वतंत्र नोंदणी (रजिस्टर) टपाल आता नाही : २०२५ साली ते स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. स्पीड पोस्टनेच पाठवावे, पोच हवी असल्यास खिडकीवर तसे सांगावे आणि पावतीवरील क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा, कारण पावतीवरची शाई काही महिन्यांत उडते. मूळ हस्तलिखित मात्र कधीही पाठवू नये.

ईमेल पोचल्याची खात्री आठवडाभराने एका ओळीच्या संदेशाने करता येते. निर्णयाची आठवण दीड-दोन महिन्यांनी एकदाच करावी. रात्री दहानंतर फोन करून "माझ्या कवितेचं काय झालं?" असे विचारणारा लेखक संपादकाच्या लक्षात राहतो, पण ते राहणे उपयोगाचे नसते. ठरवलेली तारीख उलटूनही उत्तर आले नाही तर "विचारार्थ पाठवलेली ही रचना मी परत घेत आहे" असे लेखी कळवून मगच ती दुसरीकडे पाठवावी.

तपासा : हीच रचना आणखी कोणाकडे आहे का? समूहात गेली आहे का? पाठवल्याची तारीख कुठे लिहून ठेवली आहे का?

## ६. संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत येण्यासाठी

गावचे संमेलन बहुधा एक दिवसाचे असते : सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन आणि अध्यक्षीय भाषण, त्यानंतर व्याख्यान किंवा परिसंवाद, स्नेहभोजन, कथाकथन, आणि दुपारनंतर कविसंमेलन. यांतली कोणती जागा आपल्यासाठी आहे ते आधी ओळखावे. निमंत्रितांचे कविसंमेलन आणि नवोदितांचे कविसंमेलन ही दोन वेगळी सत्रे असतात, त्यांची निवडही बऱ्याचदा वेगळी माणसे करतात. निमंत्रितांच्या यादीसाठी अर्ज केल्यामुळे नवोदितांच्या यादीतूनही नाव राहून गेले, असे दरवर्षी दोन-तीन जणांचे होते.

संपर्क संयोजक संस्थेच्या कार्यवाहांशी करावा. स्वागताध्यक्ष, प्रायोजक किंवा गावच्या पुढाऱ्याकडून शिफारस आणू नये. त्यामुळे नाव यादीत येते, पण वाचणाऱ्यांच्या मनातून उतरते. पत्रासोबत दोनच कविता द्याव्यात, आणि त्या वाचून दाखवण्याजोग्या असाव्यात. डोळ्यांनी वाचायची कविता आणि मंडपात सातशे माणसांपुढे म्हणायची कविता यांत फरक असतो, आणि निवड करणारा तो फरक नेमका पाहतो. कथाकथनासाठी नाव देणाऱ्याने कथेची पाठवणी करताना सादरीकरणाचा वेळही लिहावा. पंधरा-वीस मिनिटांत बसणारी कथा पाच पाने भरते, त्याहून मोठी कथा आधी घरी कापावी.

ज्या संमेलनात वाचायचे आहे तिथे आदल्या वर्षी श्रोता म्हणून जाणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. सत्रे किती लांबतात, श्रोते कधी उठतात, ध्वनिक्षेपक कसा आहे, हे सगळे कळते, आणि कार्यवाहांना पुढच्या वर्षी पत्र आले की चेहरा आठवतो.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनातील कविकट्टा हा खुला मंच आहे, पण तिथेही कविता आगाऊ मागवून निवड होते. जाहीर झालेल्या मुदतीत, सांगितलेल्या पद्धतीने कविता न पाठवता थेट संमेलनस्थळी जाऊन रांगेत उभे राहणाऱ्यांची निराशा होते. प्रवासाचा खर्च करण्यापूर्वी निवडीचा निरोप हाती असावा.

सावधान : आपल्याकडे परवानग्या, परीक्षा किंवा शाळेच्या पटांगणाची उपलब्धता यांमुळे तारीख वा जागा ऐनवेळी बदलू शकते. डिसेंबरात बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन असल्यास बंदोबस्त आणि वाहतूक यांचाही विचार करावा. गुरुवारी फोन करून खात्री करावी आणि परतीची शेवटची बस आधीच विचारून ठेवावी. कविसंमेलन हे शेवटचे सत्र असल्याने ते ठरल्या वेळी सुरू होणे जवळजवळ अशक्य असते.

## ७. व्यासपीठावरची तीन मिनिटे

निवड झाली की पुष्कळजण तयारी संपली असे समजतात. खरे तर बिघाड इथे होतो.

कविता मोठ्या ठशात कागदावर छापून न्यावी, आणि तिच्या दोन प्रती न्याव्यात : एक हातात, एक सूत्रसंचालकासाठी. मोबाइलवरून वाचू नये. मंडपाच्या उजेडात पडदा दिसत नाही, मधेच कोणाचा तरी फोन येतो, आणि ओळ शोधताना कवीची मान खाली जाते.

घड्याळ लावून घरी तीन वेळा मोठ्याने म्हणावी. मनात दोन मिनिटांत संपणारी कविता ध्वनिक्षेपकासमोर तीन मिनिटे घेते. जवळ आणखी एक दहा-बारा ओळींची कविता ठेवावी, कारण उद्घाटन सत्र तासभर लांबले की सूत्रसंचालक कानात येऊन "छोटी म्हणा" असे सांगतोच. त्या वेळी मोठी कविता अर्ध्यावर तोडणारा कवी आणि छोटी कविता शांतपणे म्हणणारा कवी यांतला फरक श्रोत्यांना लगेच कळतो.

प्रस्तावना एका वाक्याहून अधिक करू नये. "ही कविता मला कशी सुचली" हे सांगण्यात दोन मिनिटे घालवली तर कवितेला एकच उरते. व्यासपीठावरील मान्यवरांची नावे घेण्याचे काम सूत्रसंचालकाने केलेले असते, ते पुन्हा करू नये. ध्वनिक्षेपकावर टिचक्या मारू नयेत, तोंड वीतभर अंतरावर ठेवून पहिला शब्द सावकाश उच्चारावा. टाळीसाठी ओळ दोनदा म्हणणे ही गझलेची रीत आहे, प्रत्येक कवितेला ती लावल्यास ओळी नुसत्या लांबतात.

स्वतःची कविता झाली की खुर्ची सोडून जाऊ नये. शेवटचा कवी रिकाम्या मंडपापुढे वाचतो तो याच सवयीमुळे, आणि कोण उठून गेले हे संयोजक नक्की लक्षात ठेवतात.

पुस्तक विकायचे असेल तर ग्रंथविक्रीच्या टेबलाची विचारणा आठवडाभर आधी करावी, सुटे पैसे आणि क्यूआर कोड सोबत ठेवावा. व्यासपीठावरून किंमत सांगू नये.

## ८. अनुवाद : जवळ असलेली, पण दुर्लक्षित वाट

ज्याला कन्नड वाचता येते आणि मराठीत लिहिता येते, त्याच्याकडे पुण्या-मुंबईच्या बहुतेक लेखकांकडे नसलेले साधन आहे. कन्नड कथांचे थेट मराठी अनुवाद अंकांना हवे असतात. पण इथे क्रम हमखास उलटा होतो : आधी पूर्ण अनुवाद, मग परवानगीची आठवण.

योग्य क्रम असा : प्रथम मूळ लेखकाचा किंवा वारसाचा शोध घ्यावा आणि हक्क त्याच्याकडे आहेत की प्रकाशकाकडे ते विचारावे. मग दोन-तीन पानांचा नमुना अनुवाद दाखवून लेखी परवानगी घ्यावी, तीत रचनेचे नाव, भाषा, एकदाच्या अंकासाठी की पुस्तकासाठीही, आणि मानधनाची वाटणी नमूद असावी. त्यानंतरच उरलेला अनुवाद करावा. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतात आणि ही वर्षे निधनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजतात. म्हणजे १९६० साली निवर्तलेल्या लेखकाचे हक्क २०२० च्या अखेरीस संपले. "जुना लेखक आहे, कोण विचारतो" हा हिशोब धोक्याचा आहे.

## ९. पुस्तक आणि पुरस्कार

पहिले पुस्तक असल्यास महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची जाहिरात पुस्तक छापण्यापूर्वी पाहावी. ही मदत प्रकाशनासाठी असल्याने छापून झालेले पुस्तक घेऊन तिकडे जाणे व्यर्थ ठरते. महाराष्ट्राच्या कोणत्याही योजनेत अधिवासाची अट आहे का, आणि असल्यास महाराष्ट्राचा दावा असलेल्या सीमाभागातील ८६५ गावांचा तीत समावेश आहे का, हे त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच वाचावे. ऐकीव माहितीवर अर्ज सोडू नये आणि भरूही नये.

स्वतः प्रकाशन करणाऱ्यांनी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन घ्यावा. तो विनामूल्य मिळतो, त्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्याकडे जाऊ नये.

महाराष्ट्र शासनाच्या स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांसाठी पुस्तकाचे प्रकाशनवर्ष निर्णायक असते. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घाईने छापून वर्ष वाया घालवण्यापेक्षा जानेवारीत छापलेले बरे. प्रवर्ग निवडताना चूक होऊ देऊ नये : पहिल्या कवितासंग्रहासाठी बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे, आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी लेखनासाठी सरफोजीराजे भोसले बृहन्महाराष्ट्र पुरस्कार आहे. आपल्याकडच्या लेखकांना हा दुसरा प्रवर्ग ठाऊकच नसतो.

साहित्य अकादमीचे पुरस्कार भाषेनुसार असतात. कर्नाटकात राहून मराठीत लिहिणाऱ्याचे पुस्तक मराठी विभागातच विचारात घेतले जाते. युवा पुरस्कारासाठी पुरस्कारवर्षाच्या १ जानेवारीला वय ३५ किंवा त्याहून कमी असावे लागते. तेव्हा ३४ व्या वर्षी पहिले पुस्तक "आणखी एकदा तपासतो" म्हणून थांबवणाऱ्याने जन्मतारीख आधी पाहावी.

सावधान : "आपली पुरस्कारासाठी निवड झाली आहे, सन्मानचिन्ह आणि भोजनासाठी शुल्क भरावे" असा निरोप आला तर तो पुरस्कार विकत मिळतो आहे. साधे प्रवेशशुल्क घेणाऱ्या काही प्रामाणिक स्पर्धा असतात, पण निवड झाल्यानंतर पैसे मागणारी स्पर्धा त्यांत मोडत नाही.

## १०. नोंदवही

एक साधी वही पुरते. रचनेचे नाव, कोणाकडे पाठवली, तारीख, आठवण केल्याची तारीख, निर्णय, मानधन, आणि अंकाची प्रत आली की नाही, असे सात रकाने आखावेत. अंकात रचना आल्यास त्या पानाचा फोटो काढून तारखेसह ठेवावा, कारण पुढे पुस्तक करताना पूर्वप्रसिद्धीची नोंद मागितली जाते आणि दहा वर्षांपूर्वीचा अंक वाचनालयातही सापडत नाही. नकार आला तर त्याच दिवशी रकाना भरावा, रचना एकदा मोठ्याने वाचावी, आणि बदल करायचा नसेल तर पुढच्या अंकाचे नाव त्याच पानावर लिहून टाकावे.